गर्भवासाचे दुःख कोणाचे?

म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीत, म्हणजे आजच्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेत, १९०५ साली तंजावर भागातल्या एका पंडिताने ताडपत्रांची पोथी आणून दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली आणि तोवर नावापुरते उरलेले कौटिल्याचे अर्थशास्त्र पुन्हा जगासमोर आले. १९०९ मध्ये त्याची संहिता छापली गेली, १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर आले. पुढे मुंबईच्या र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथावर आजवर जे लिहिले गेले त्यात राजा, मंत्री, हेर, कर आणि युद्ध यांचीच चर्चा अधिक आहे. नौकाध्यक्षाच्या प्रकरणातल्या एका लहानशा तरतुदीपाशी फारसे कोणी थांबत नाही. नदी उतरताना ज्यांच्याकडून भाडे घ्यायचे नाही, अधिकाऱ्याच्या मुद्रेवरच ज्यांना पलीकडे सोडायचे, त्यांत ब्राह्मण, संन्यासी, मुले, वृद्ध, आजारी आणि राजाचे दूत यांच्याबरोबर गर्भवती स्त्री आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हीच सूट आहे आणि तिथे मुदतही सांगितली आहे: दोन महिन्यांपासून पुढची गर्भवती. दोन महिन्यांचे पोट दिसत नाही. नावाड्याला, शेजाऱ्याला, कित्येकदा सासरच्यांनाही काही कळलेले नसते. तरीही त्या स्त्रीच्या देहावर काहीतरी भार आला आहे हे नियम करणाऱ्याने ओळखले, आणि तो हलका करण्यापूर्वी तिच्याकडे पुरावा मागितला नाही.

याच सुमारास तिची मळमळ सर्वांत जास्त असते. ती साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्या-दहाव्या आठवड्यात टोकाला जाते आणि बहुतेकींना सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत सोडते. दहा गर्भवतींपैकी सात-आठ जणींना हा त्रास कमीअधिक होतो. तो सकाळचा समजला जात असला तरी अनेकींना दिवसभर पुरतो. फोडणीचा वास सहन होत नाही, तोंडाला सारखे पाणी सुटते, कोरड्या उमळ्या येतात, अन्नावरची वासना उडते. काहींच्या बाबतीत, म्हणजे मोजण्याच्या निकषांनुसार हजारात तिघींपासून शंभरात तिघींपर्यंत, ओकाऱ्या इतक्या वाढतात की वजन घटते, पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही आणि रुग्णालयात सलाईन लावावे लागते. घरात यावर बोलले जाते ते असे: ‘कडक डोहाळे लागलेत हो’, ‘होतंच असं’, ‘बाळ चांगलं वाढतंय याची खूण आहे’, ‘आईपण काही फुकट मिळत नाही’. या बोलण्यात माया असते, अनुभवही असतो. पण यातले प्रत्येक वाक्य त्या बाईचे दुःख दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर टाकते: बाळाच्या, निसर्गाच्या, नाहीतर धर्माच्या. माझे म्हणणे याच्या उलट आहे. हे दुःख आधी आणि पूर्णपणे तिचे आहे. ते हलके करायला ‘ती दुःखात आहे’ एवढे कारण पुरेसे आहे. आणि त्याला काही अर्थ द्यायचा असेल, तर तो देण्याचा अधिकार तिचा एकटीचा आहे.

आपल्या तत्त्वपरंपरेने गर्भावस्थेचा विचार केला नाही असे नाही; उलट फार बारकाईने केला. गर्भोपनिषद गर्भाची महिन्यामहिन्याने होणारी वाढ सांगते आणि पोटातल्या जीवाला पूर्वजन्मांची आठवण होऊन तो कसा कळवळतो हेही सांगते. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी देवहूतीला सांगतात की आईने खाल्लेल्या तिखट, खारट, आंबट, उष्ण पदार्थांनी गर्भाच्या कोवळ्या अंगाची आग होते. समर्थांच्या दासबोधात तिसऱ्या दशकाचा पहिला समासच ‘जन्मदुःखनिरूपण’ या नावाचा आहे. ही वर्णने वाचली की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. दुःख भोगणारा कोण, तर गर्भातला जीव. आई ही त्याच्या दुःखाची जागा आहे: अंधारी, कोंदट, किळसवाणी जागा. प्रसूतीच्या जीवघेण्या संकटाचा उल्लेख कुठे कुठे येतो, पण ज्या देहात हे सगळे चालले आहे त्या देहाची मालकीण पहिल्या तीन महिन्यांत काय सोसते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाला पडलेला दिसत नाही. वैराग्य उत्पन्न करणे हा या निरूपणांचा हेतू होता आणि त्या हेतूपुरती ती समर्थ आहेत. पण कपिलमुनी हे सगळे ज्या श्रोत्रीला सांगत होते, ती त्यांची आई होती. जिच्या उदरातून वक्ता जन्मला तिच्याच समोर गर्भवासाचे दुःख मांडले जाते आणि त्या दुःखात तिच्या वाट्याचा हिशेब येत नाही, हे आज वाचताना मन अस्वस्थ करते.

आयुर्वेदाची नजर अधिक जवळची आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेची लक्षणे सांगताना तोंडाला पाणी सुटणे, अन्न नकोसे वाटणे, ओकारी, अरुची आणि आंबट खाण्याची इच्छा यांची नीट नोंद आहे. ज्याने ती केली त्याने गर्भवतीला जवळून पाहिले आणि विचारले असले पाहिजे. गर्भवतीच्या ठायी दोन हृदये असतात, म्हणून तिची इच्छा अव्हेरू नये, असे चरक आणि सुश्रुत दोघेही सांगतात. याज्ञवल्क्यस्मृतीनेही डोहाळे पुरवण्याची आज्ञा केली. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा लिहिली आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या मोठ्या भागात ती शतकानुशतके प्रमाण मानली गेली. म्हणजे गर्भिणीला जे हवे ते द्यावे, हा केवळ बायकाबायकांतला लाड नव्हता. त्याला शास्त्राचा आधार होता. पण तो कोणत्या कारणासाठी? डोहाळे पुरवले नाहीत तर गर्भात वैगुण्य येते किंवा तो दगावतो म्हणून. आईची इच्छा मोलाची ठरते ती पोटातल्या दुसऱ्या हृदयाची इच्छा म्हणून. तिच्या स्वतःच्या हृदयाला इथेही स्वतंत्र साक्ष देता येत नाही.

हे केवळ जुन्या ग्रंथांचे वैगुण्य नाही. आधुनिक विज्ञानाचीही पहिली ओढ त्याच दिशेने होती. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ पासूनच्या जन्मनोंदी जपल्या गेल्या. बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा घेर अशा त्या नोंदींच्या आधारे जन्मवेळची वाढ आणि पुढच्या आयुष्यातला मधुमेह, हृदयविकार यांचा संबंध तपासला गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले संशोधन याच वाटेवरचे आहे. हे काम मोलाचे आहे यात शंका नाही. पण त्याच्या केंद्रस्थानी बाळ आहे आणि आईकडे आपण त्या बाळाच्या भवितव्यासाठी पाहतो. मळमळीबद्दलही तसेच झाले. १९८८ पासून मार्जी प्रोफेट यांनी आणि २००० मध्ये सॅम्युअल फ्लॅक्समन व पॉल शर्मन यांनी असा सिद्धान्त मांडला की गर्भाचे अवयव घडत असताना आईला विषारी वा दूषित अन्नाची शिसारी यावी, ही उत्क्रांतीने केलेली राखण आहे. त्याला काही आधार आहे. ज्यांना मळमळ होते त्यांच्यात गर्भपाताचे प्रमाण कमी आढळते, हेही अभ्यासांतून दिसले आहे. ‘बाळ चांगलं वाढतंय याची खूण’ या आजीच्या वाक्याला विज्ञानाने एका अर्थी दुजोराच दिला.

इथेच पहिला आणि सर्वांत बळकट आक्षेप उभा राहतो. जे निसर्गाने बाळाच्या रक्षणासाठी योजले, ते औषधाने का दाबावे? याचे उत्तर असे की एखादी गोष्ट का घडते हे सांगणे वेगळे आणि ती तशीच घडू द्यावी असे सांगणे वेगळे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. ताप हाही शरीराच्या रक्षणाचाच भाग आहे, म्हणून तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची नाही असे कोणी म्हणत नाही. शिवाय खूण पुसली म्हणून खुणेमागची गोष्ट पुसली जात नाही. वार नीट रुजलेली असेल तर मळमळ कमी केल्याने ती उखडत नाही. आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने चित्र बरेच स्पष्ट केले आहे. मार्लेना फेजो, स्टीफन ओ’राहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गर्भ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात येणारे जीडीएफ१५ नावाचे संप्रेरक मेंदूच्या मागच्या भागावर काम करते आणि ओकाऱ्या आणते. कोणाला किती त्रास होईल हे, त्या संप्रेरकाचे प्रमाण गरोदरपणापूर्वी तिच्या रक्तात किती होते यावरही अवलंबून असते. आधीच ज्यांच्यात ते जास्त असते, उदाहरणार्थ बीटा थॅलेसेमिया असलेल्या स्त्रिया, त्यांना मळमळ फार कमी होते. ज्यांच्यात कमी असते त्यांना अचानक आलेला हा लोंढा सोसत नाही. म्हणजे जिला मळमळ होत नाही तिने घाबरून जाण्याचे कारण नाही आणि जी दिवसभर ओकते ती बाळाची अधिक चांगली राखण करते असेही नाही. त्रासाची तीव्रता हे कोणाच्याही मातृत्वाचे माप नव्हे.

या शोधाने आणखी एका अन्यायाचाही निकाल लावला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोविश्लेषणाच्या प्रभावाखालचे काही डॉक्टर असे मानत की न थांबणाऱ्या ओकाऱ्या म्हणजे नको असलेल्या बाळाला मनाने दिलेला नकार. काही ठिकाणी अशा स्त्रियांना घरच्यांपासून तोडून एकटे ठेवणे हाच उपचार ठरला होता. आपल्याकडे हेच वेगळ्या शब्दांत बोलले जाते: लाडावलीय, नखरे आहेत, मनाने घेतलंय. रोगाचे कारण ठाऊक नसले की दोष रोग्याच्या चारित्र्यावर ढकलायचा, ही माणसाची जुनी खोड आहे. पूर्वकर्माचे फळ म्हणून दुःखिताकडे पाठ फिरवणारा आणि अबोध मनाचा नकार म्हणून पाठ फिरवणारा, दोघेही एकच काम करतात. रक्तातल्या एका रेणूने जे घडते त्यासाठी कोणत्याही स्त्रीला क्षमा मागावी लागू नये.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे आणि त्या भीतीला इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आले. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी ते सर्रास घेतले गेले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार मुले अवयवांच्या व्यंगांसह जन्मली होती. तेव्हा सोसलेले बरे, असे म्हणणाऱ्याला मूर्ख ठरवता येणार नाही. पण या शोकांतिकेचा धडा नेमका काय? न तपासलेले औषध गर्भवतीला देऊ नये, हा. तिला आराम देऊ नये, हा नव्हे. याच इतिहासाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. डॉक्सिलामिन आणि ब६ जीवनसत्त्व यांचे मळमळीवरचे औषध अमेरिकेत १९५६ पासून वापरात होते. ते अपायकारक असल्याचा पुरावा नसतानाही खटल्यांच्या भडिमारामुळे १९८३ मध्ये कंपनीने ते मागे घेतले. त्यानंतर या त्रासासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या स्त्रिया वाढल्या, जन्मजात व्यंगे मात्र कमी झाली नाहीत. २०१३ मध्ये तेच संयुग पुन्हा मान्य झाले. औषध दिल्याने अपाय होतो तसा न दिल्यानेही होतो. पहिला ठळक दिसतो आणि दुसरा एखाद्या स्त्रीच्या सोसण्यात मुरून जातो. म्हणून आपल्या मनाने दुकानातून गोळी आणणे जितके चुकीचे, तितकेच तपासलेले औषध उपलब्ध असताना ‘सोस’ म्हणणे चुकीचे.

तिसरा आक्षेप धर्माच्या नावाने येतो: मातृत्व हे तप आहे, आणि तपात क्लेश आलेच. हा विचार उदात्त आहे, म्हणूनच त्याचे उत्तर धर्माच्या आतूनच दिले पाहिजे. तप संकल्पाने सुरू होते. जे स्वतः स्वीकारले ते तप. जे दुसऱ्याने लादले ती सक्ती. गीतेचा सतरावा अध्याय शरीराला विनाकारण पीडा देणाऱ्या घोर तपाला आसुरी म्हणतो आणि हट्टाने देहाला छळणाऱ्या तपाला तामस ठरवतो. आपण होऊन केलेल्या देहदंडाबद्दल जर हा निकाल असेल, तर सुनेच्या देहदंडाला सासूने किंवा पत्नीच्या देहदंडाला पतीने तप म्हणण्याला कोणता आधार उरतो? कर्मविपाकाचे म्हणावे, तर पतंजलीने योगसूत्रांत स्पष्ट सांगितले आहे की जे दुःख अजून आलेले नाही ते टाळण्याजोगे आहे. सांख्यकारिकेचा आरंभच मुळी दुःखाच्या आघातातून होतो. औषधासारखे दिसणारे उपाय असताना तत्त्वचिंतन कशाला, अशी शंका तिथे घेतली आहे आणि त्या उपायांनी दुःख कायमचे व निश्चितपणे जात नाही, असे उत्तर दिले आहे. म्हणजे दिसणारे उपाय अपुरे ठरवले, निषिद्ध नव्हेत. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकवणारे एम. हिरियण्णा यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात हे आग्रहाने मांडले की भारतीय दर्शने सत्य जाणून थांबत नाहीत, ते जगण्यात उतरवू पाहतात. दुःखनिवृत्ती हे ध्येय मानणाऱ्या परंपरेच्या वारसांनी घरातल्या एका ओकणाऱ्या मुलीला लिंबाची फोड आणि अंथरूण देण्यापूर्वी तिच्या दुःखाचे समर्थन शोधावे, हे त्या परंपरेशीच विसंगत आहे.

आणि मागच्या पिढ्यांनी निमूटपणे सोसले, हा युक्तिवाद? निमूटपणा हा त्रास नसल्याचा पुरावा नव्हे. सलाईनची सोय सर्वत्र पोहोचण्यापूर्वी न थांबणाऱ्या ओकाऱ्यांनी स्त्रिया मरत असत. आणि त्या खरोखर गप्प होत्या का? जात्यावरच्या ओव्यांत आणि डोहाळगीतांत, आणि कन्नडातल्या ‘बयके’च्या, म्हणजे डोहाळ्यांच्या, गाण्यांतही, महिन्यामहिन्याने बदलणारी चव, नकोसे झालेले अन्न, माहेरची ओढ गायली गेली आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा बायकांनी आपल्या जगण्यावर किती बोलून ठेवले होते ते कळले. साक्ष होती. ती प्रमाण म्हणून घेतली गेली नाही, एवढेच.

या साक्षीला प्रमाण मानले तर काय बदलेल? देवघरापासून सुरुवात करता येईल. म्हैसूर हे उदबत्तीचे, चंदनाचे आणि मल्लिगेच्या फुलांचे शहर आहे. इथे चंदनतेलाचा जुना सरकारी कारखाना आहे आणि म्हैसूरच्या उदबत्तीला भौगोलिक मानांकन आहे. ज्या सुगंधाने घर पवित्र वाटते तोच सुगंध पहिल्या तिमाहीत एखादीला उमळा आणतो. ती देवघरातून बाहेर पळते आणि मनात खंत बाळगते की देवाचा वासही मला सोसेना. या खंतीला धर्मात जागा नाही. ज्या मनुस्मृतीकडून स्त्रियांवर कितीतरी बंधने आली, तिनेही तिसऱ्या अध्यायात गर्भवतीला पाहुण्यांच्या आधी, मनात काही शंका न आणता जेवू घालावे असे सांगितले. अतिथीला देव मानणाऱ्या संस्कृतीत याचा अर्थ मोठा आहे: तिची भूक देवाच्या आधी. तेव्हा उदबत्ती महिनाभर न लावल्याने आणि एकादशी सोडल्याने काहीही उणे होत नाही. पण जी घरबसल्या उदबत्त्या वळूनच पोट भरते, तिने त्या वासापासून कुठे पळावे? मुंबई प्रांताचा १९२९ चा प्रसूती-लाभ कायदा होण्यापूर्वी, १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात आग्रह धरला की बाळंतपणाआधीही स्त्रीला विश्रांती मिळाली पाहिजे आणि तिचा भार सरकारने उचलावा. १९६१ च्या कायद्याने २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे दिले, पण प्रसूतीच्या आधी त्यांतले आठच घेता येतात. सुरुवातीच्या आजारपणासाठी दाखला दिल्यास महिनाभराची वेगळी रजा आहे. घरी बसून नगावर मजुरी घेणाऱ्या बाईपर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. नावेचे भाडे माफ करणाऱ्या नियमाने जे दोन महिन्यांच्या गर्भवतीला दिले, ते तिला आज मिळत नाही.

घरातले कर्तव्य मात्र कायद्याची वाट पाहत नाही. उठण्यापूर्वी अंथरुणातच चार लाह्या किंवा एखादे कोरडे बिस्किट द्यावे. पोट रिकामे पडू न देता दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे, तिला जे रुचेल तेच द्यावे, मग तो दहीभात असो, चित्रान्न असो की नुसते पोहे. पाणी, ताक, कोकमाचे सार घोटाघोटाने द्यावे. आल्याने अनेकींना आराम पडतो. लोहाच्या गोळ्यांनी मळमळ वाढत असेल तर डॉक्टरांना सांगून त्या बदलून किंवा पुढे ढकलून घ्याव्यात. फोडणी दुसऱ्या कोणीतरी घालावी. नवऱ्याने घातली तर उत्तमच. इतके करूनही दिवसभर पाणी टिकत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, वजन उतरत असेल, उभे राहिले की चक्कर येत असेल, ओकारीत रक्त दिसत असेल किंवा पोटात दुखून ताप येत असेल, तर ते कडक डोहाळे नव्हेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि हे सगळे करताना ‘बाळासाठी खा’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. बाळाचे हित यात आहेच, ते वेगळे सांगावे लागत नाही. यामुळे आई आणि बाळ एकमेकांसमोर उभे राहत नाहीत. जिचे दुःख मोजले जाते तिच्या पोटातले मूलही सुखरूप राहण्याची शक्यता वाढते. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी ती, कारण दुखते तिला. पुढे कधी या दिवसांना ती तप म्हणेल, प्रसाद म्हणेल, नुसता एक वाईट काळ म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. ती जे म्हणेल तेच त्या दुःखाचे खरे निरूपण, आणि तोवर इतरांचे काम त्याला अर्थ देण्याचे नाही, ते कमी करण्याचे आहे.